विमा नाही, शुगर आहे : मुंबईत औषधं कमी पैशांत कशी बसवायची

माटुंगेकर

मेडिक्लेम नाही, मग शुगरच्या गोळ्यांचं कसं करायचं, हा प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांत पुन्हा पुन्हा येतो आणि उत्तरं विखरून जातात. सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा. ज्यांना नेमकं माहीत आहे त्यांनी भर घाला. कारल्याचा रस, मेथीदाणे वगैरेंसाठी दुसरा धागा आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. साध्या मेडिक्लेममधून रोजच्या गोळ्यांचे पैसे मिळतच नाहीत. ॲडमिट झालात तर बिल आणि त्याच्या आगेमागे ठरावीक दिवसांची औषधं, एवढंच. महात्मा फुले योजना आणि आयुष्मान याही भरती, डायलिसिस, ऑपरेशन यांसाठी आहेत. त्या मिळत असतील तर कार्ड जरूर काढून ठेवा, पण दर महिन्याच्या मेटफॉर्मिनला त्यांचा उपयोग नाही. म्हणजे गोळ्यांपुरते विमावाले आणि बिनविम्याचे एकाच रांगेत आहेत.

पैसे वाचतात ते चिठ्ठी नीट वाचली तर. गोळ्यांच्या स्ट्रिपवर मोठ्या अक्षरांत ब्रँड असतो आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत घटक, म्हणजे मेडिकलवाल्यांच्या भाषेत सॉल्ट. घरातली प्रत्येक स्ट्रिप घ्या आणि एका कागदावर चार गोष्टी लिहा : घटक, किती मिलिग्रॅम, साधी की एसआर, दिवसातून किती वेळा. एसआर, पीआर, ईआर, एक्सआर असं लिहिलेलं दिसलं तर ती हळू सुटणारी गोळी समजा आणि ते अक्षरसुद्धा कागदावर उतरवा. हा कागद हातात असेल तरच पुढचं सगळं जमतं.

उदाहरण घेऊ. सिटाग्लिप्टिन ५० अधिक मेटफॉर्मिन ५०० ही जोडगोळी दिवसातून दोनदा आणि ग्लिमेपिराइड १ एकदा. महिन्याला ६० आणि ३० गोळ्या झाल्या. सिटाग्लिप्टिनचं पेटंट २०२२च्या जुलैत संपलं आणि त्याच सप्टेंबरात जनऔषधी केंद्रांवर, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानांत, ही जोडगोळी दहा गोळ्यांना ६५ रुपयांनी आली. नुसती सिटाग्लिप्टिन ५० तेव्हा ६० रुपये, १०० मिलिग्रॅमची १०० रुपये. बाजारातल्या नावाजलेल्या ब्रँडची स्ट्रिप त्या वेळी १६२ ते २५८ रुपयांना होती. सहा स्ट्रिपांचा हिशेब करा : जनऔषधीत ३९० रुपये, ब्रँडमध्ये ९७२ ते १,५४८. ग्लिमेपिराइड आणि साधी मेटफॉर्मिन तर जनऔषधीत दहा गोळ्यांना पंधरा रुपयांच्या आत येतात. आजचा भाव सरकारच्या 'जनऔषधी सुगम' ॲपवर दिसतो. जवळचं केंद्र कुठलं तेही तिथेच कळतं.

दादर_टीटी

माटुंगेकर, चांगला धागा. एक प्रश्न. मेडिकलमध्ये 'याच सॉल्टची स्वस्तातली द्या' म्हटलं की बरेच जण चिठ्ठीतल्याच ब्रँडवर अडून बसतात. त्यांना जास्त नफा हवा असतो म्हणून का?

फार्मसीवाला

नफा हे एक कारण असू शकतं, पण कायदाही त्यांच्या बाजूने आहे. औषध नियमांतल्या नियम ६५ प्रमाणे शेड्यूल एचचं, म्हणजे चिठ्ठीवरच मिळणारं, औषध चिठ्ठीत ज्या नावाने लिहिलं असेल तेच द्यायचं असतं. घटक तोच असला तरी दुकानदाराला आपल्या मनाने दुसरा ब्रँड देता येत नाही. शुगरच्या बऱ्याच गोळ्या याच शेड्यूलमध्ये आहेत. त्यामुळे काउंटरवर वाद घालून काही हाती लागत नाही.

बदल डॉक्टरांच्या टेबलावर करून घ्यायचा. केबिनमधून उठण्याआधी एकच वाक्य म्हणा : 'डॉक्टर, कंपनीचं नाव न लिहिता घटकाचं नाव लिहून द्याल का, जनऔषधीतून घेणार आहे.' घटकाचं नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं असं वैद्यकीय परिषदेच्या नियमांत २०१६ पासून आहे. बहुतेक डॉक्टर लिहून देतात. एखादा ब्रँड सोडू नका असं म्हणाले तर कारण विचारा. कधीकधी ते खरं असतं, म्हणजे त्या मात्रेत जनऔषधीत गोळीच नसते.

डॉक्टर ब्रँडच लिहिणार असतील तर 'फार्मा सही दाम' हे सरकारी ॲप उघडा. ब्रँडचं नाव टाकलं की त्याच घटकाचे इतर ब्रँड आणि त्यांच्या किमती समोर येतात. त्यातला मधल्या किमतीचा एक निवडा आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांना दाखवा. स्वतः मधल्या मधे बदलू नका.

प्रिन्सेस स्ट्रीटबद्दलही लोक विचारतात. तिथली घाऊक दुकानं परवानाधारक दुकानांनाच माल विकतात, तुम्हाआम्हाला नाही. दोन स्ट्रिपांसाठी मरीन लाइन्सपर्यंत जाऊ नका.

मुलुंडची_मावशी

दादा, मेडिकलमध्ये नावातल्या शेपट्यांवरून फार गोंधळ होतो. त्यावर लिहाल का?

फार्मसीवाला

लिहितो मावशी, हे महत्त्वाचं आहे. एकाच ब्रँडच्या मागे एम१, एम२, एमव्ही१, पी, फोर्ट अशा शेपट्या लागतात. एम म्हणजे सोबत मेटफॉर्मिन, आणि १ किंवा २ हे सहसा ग्लिमेपिराइडचे मिलिग्रॅम. व्ही म्हणजे व्होग्लिबोज, पी म्हणजे पायोग्लिटाझोन. फोर्टमध्ये सहसा मेटफॉर्मिन ५०० ऐवजी ८५० किंवा १००० असतं. अक्षर घाईचं असेल तर एम१ आणि एमव्ही१ यांची हमखास गल्लत होते. एक व्ही वाढला की घटकही वाढला आणि किंमतही.

आता खरा धोका. जोडगोळी सोडून सुटे घटक घ्यायला लागल्यावर जुनी जोडगोळी डब्यातच राहते आणि दोन्ही पोटात जातात. मेटफॉर्मिन दुप्पट झालं तर पोट बिघडतं. ग्लिमेपिराइड दुप्पट झालं तर साखर एकदम खाली येते आणि ते वय झालेल्या माणसाला फार महागात पडतं. म्हणून नवीन औषध घरात आलं त्याच दिवशी जुनं डब्यातून बाहेर.

तशीच दुसरी गल्लत म्हणजे दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या. सिटा, विल्डा, टेनेली, लिना, शेवटी 'ग्लिप्टिन' असलेलं सगळं एकाच कुळातलं. एका वेळी एकच घ्यायची. दोन चिठ्ठ्यांत दोन ग्लिप्टिन सापडल्या तर पैसेही वाया आणि औषधही. कुठली ठेवायची हे डॉक्टर ठरवतील. क्रिएटिनिन वाढलं असेल, म्हणजे किडनीचं काम मंदावलं असेल, तर सिटाग्लिप्टिनची मात्रा कमी करावी लागते, लिनाग्लिप्टिनची नाही, त्यामुळे स्वस्त दिसते म्हणून आपणच अदलाबदल करायची नाही.

एसआर गोळी अर्धी करू नये. पूड तर मुळीच नको. मधोमध रेघ असलेली साधी ग्लिमेपिराइड २ अर्धी करून १ म्हणून वापरता येते, पण डॉक्टरांनी तसं चिठ्ठीत लिहिलं असेल तरच.

काळाचौकी

हे सगळं ठीक. पण जनऔषधीच्या गोळ्यांत दम नसतो, असं सगळेच म्हणतात त्याचं काय?

माटुंगेकर

काळाचौकी, 'सगळे म्हणतात' यावर काय बोलणार! तुमच्या महागड्या स्ट्रिपच्या मागे बघा. बनवणारी कंपनी एक आणि विकणारी दुसरी, असं बऱ्याचदा दिसेल. हिमाचलमधल्या बद्दीतला किंवा सिक्कीममधला एकच कारखाना अनेकांसाठी माल बनवतो. भारतात आपण ब्रँड म्हणतो ते बहुतेक जेनेरिकच असतं, म्हणजे पेटंट नसलेलं औषध, फक्त नाव देऊन विकलेलं.

तरी शंका रास्त आहे, आणि ती घरीच तपासता येते. एका वेळी एकच औषध बदला. बदलण्याआधी एक आठवडा आणि नंतर दोन आठवडे, एक दिवसाआड उपाशीपोटीची साखर लिहून ठेवा. खाणं आणि झोप तीच ठेवा, गणपतीत किंवा लग्नसराईत हा प्रयोग करू नका. आकडे जवळपास तेच राहिले तर प्रश्न मिटला. सतत तीसचाळीसने वर गेले तर स्ट्रिप जपून ठेवा, तिच्यावर बॅच नंबर असतो, आणि डॉक्टरांकडे जा. गोळीचाच संशय असेल तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते, त्यांचं मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. बिल मात्र हवं. बिल नसेल तर तक्रार उभीच राहत नाही.

आणखी एक बघून ठेवा. केंद्रातून घेतलेल्या स्ट्रिपवर जनऔषधीचं नाव आणि बोधचिन्ह असतं. ते नसेल तर तुम्हाला दुसरंच काही दिलंय.

जोगेश्वरी_पूर्व

जनऔषधीची खरी अडचण दर्जाची नाही, साठ्याची आहे. एखादी मात्रा पंधरा पंधरा दिवस येत नाही. त्यावर उपाय : गोळ्या संपायला दहा दिवस उरले असताना केंद्रात फोन करायचा, घटकाचं नाव आणि मिलिग्रॅम सांगून बाजूला ठेवायला सांगायचं. चिठ्ठी चालू असेल तर दोन महिन्यांचं एकदम घ्या, एक्स्पायरी बघून. सहा महिन्यांचं मात्र नको. पुढच्या एचबीए१सीनंतर (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) मात्रा बदलली तर ढीग पडून राहतो. आणि डबा ओट्याजवळ किंवा बाथरूमच्या कपाटात ठेवू नका, पावसाळ्यात गोळ्यांना ओल लागते.

फार्मसीवाला

नव्या गोळ्यांबद्दल थोडं. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२०च्या ऑक्टोबरात संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं २०२५च्या मार्चमध्ये. दोन्ही वेळा त्यानंतर भारतीय कंपन्यांनी तेच औषध मूळ ब्रँडपेक्षा बरंच स्वस्त आणलं. चिठ्ठीत मूळ ब्रँड जुन्या सवयीने चालू असेल तर नुसतं विचारण्यानेही महिन्याचे हजारभर रुपये वाचू शकतात. टेनेलिग्लिप्टिन २० आणि इन्सुलिन ग्लार्जिन २०२२च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आले, त्यामुळे त्यांच्या किमतीला सरकारी कमाल मर्यादा आहे. यादीबाहेरच्या औषधांची छापील किंमत कंपनीला वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाढवता येते. दर वर्षी गुपचूप चढणारी किंमत ती हीच.

शेवटी 'फ्लोझिन' असलेलं औषध घेणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. हे औषध साखर लघवीवाटे बाहेर टाकतं, त्यामुळे लघवीच्या तपासणीत साखर भरपूर दिसणारच. पैसे वाचवायला लघवीच्या पट्टीवर शुगर बघत असाल तर ती पट्टी इथे निरुपयोगी. आणि उलट्या-जुलाब, कडक उपवास किंवा ऑपरेशन असेल तर हे औषध तात्पुरतं थांबवावं लागतं. डॉक्टरांना तसा फोन करा.

परळ_नाका

महापालिकेच्या मार्गाबद्दल लिहितो, कारण लोक थेट केईएमला जाऊन उभे राहतात आणि गर्दी बघून परत फिरतात. साध्या शुगरला केईएम, नायर, सायन, कूपर यांची गरज नाही. घराजवळचा पालिकेचा दवाखाना किंवा 'आपला दवाखाना' बघा. हे दवाखाने २०२२ पासून सुरू झाले, बऱ्याच ठिकाणी संध्याकाळीही चालू असतात, म्हणजे खाडा होत नाही. तपासणी, औषध आणि रक्ताच्या चाचण्या मोफत. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड सहसा मिळतात. ग्लिप्टिन मिळेलच असं धरून चालू नका.

पहिल्या दिवशी असं जायचं : सकाळी उपाशीपोटी, सोबत आधार, जुन्या चिठ्ठ्या, जुने रिपोर्ट आणि घरचा डबा. केसपेपर काढा, उपाशीपोटीचं रक्त द्या, मग नेहमीच्या गोळ्या घेऊन जेवा. पहिला घास खाल्ल्याची वेळ लिहून ठेवा, दुसरं रक्त तिथून बरोबर दोन तासांनी. जेवण संपल्यापासून मोजलं किंवा डब्याऐवजी चहा-बिस्किटावर भागवलं तर आकडा खोटा येतो आणि त्या खोट्या आकड्यावर गोळी ठरते. जेवणानंतरच्या चाचणीला गोळ्या न घेता जाणं ही तर नेहमीचीच चूक. औषध घेऊन साखर किती राहते तेच बघायचं असतं.

इन्सुलिन लागत असेल, पायाला जखम असेल, क्रिएटिनिन वाढलं असेल किंवा टाइप १ (शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही असा मधुमेह) असेल तर दवाखान्यातून पुढे पाठवतात. राजावाडी, व्ही. एन. देसाई, वांद्रे आणि कुर्ल्याची दोन्ही भाभा ही पालिकेची रुग्णालयं म्हणजे मधली पायरी. केईएमला हार्मोन आणि मधुमेहाचा वेगळा एंडोक्राइन विभाग आहे. ओपीडीचे वार ठरलेले असतात, ते नोंदणी खिडकीवर विचारून मगच सुट्टी टाका. औषधखिडकीवर इन्सुलिन मिळणार असेल तर बर्फाची पिशवी आणि तिच्यावर गुंडाळायला जाड कापड घरून न्या.

खिडकीवर औषध नसेल तर 'बाहेरून आणा' अशी चिठ्ठी मिळते. ती तशीच घेऊन समोरच्या मेडिकलमध्ये शिरू नका. चिठ्ठीवर घटकाचं नाव आहे ना ते बघा आणि जनऔषधी गाठा. मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवा विभाग असतो, गरीब रुग्णांसाठीचा पुअर बॉक्स निधीही असतो, पण तो मोठ्या एकरकमी खर्चाला उपयोगी. दर महिन्याच्या गोळ्यांसाठी तिथे खेटे घालण्यात अर्थ नाही.

वांद्रे_वकील

खासगी धर्मादाय रुग्णालयांबद्दल जोड देते. महाराष्ट्रात न्यास कायद्याच्या कलम ४१एए खाली या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड लागतं. पायाची जखम चिघळून भरती व्हायची वेळ आली तर हे कागद तेव्हा काढायला जाऊ नका, आत्ताच काढून ठेवा. रुग्णालयात थेट समाजसेवकाला भेटायचं, बिलिंग काउंटरला नाही.

चकाला_एमआयडीसी

सगळ्यांत दुर्लक्षित मार्ग ईएसआयसी, म्हणजे कामगारांची राज्य विमा योजना. पगार महिना २१ हजारांपर्यंत असेल आणि आस्थापना त्यात मोडत असेल तर पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. सिक्युरिटी, हाउसकीपिंग, हॉटेल, छोटे कारखाने, इथल्या कित्येकांच्या पगारचिठ्ठीत ही कपात असते आणि कार्ड कधी काढलेलंच नसतं. आणि इथे ओपीडीची औषधंही मिळतात, इन्सुलिनसकट. विमा नाही म्हणणाऱ्यांनी आधी घरातल्या प्रत्येकाची पगारचिठ्ठी बघा.

आईवडीलही त्यात येतात. ते अवलंबून असतील आणि त्यांचं उत्पन्न महिना ९ हजारांपर्यंत असेल तर मुलाच्या किंवा मुलीच्या नोंदणीवर त्यांना औषध मिळतं. एचआरकडून विमा क्रमांक घ्या, कुटुंबाची माहिती भरा, ई-पहचान कार्ड छापा, त्यावर कुठला दवाखाना नेमलाय ते दिसतं. मुंबईत कांदिवली, मुलुंड, अंधेरी, वरळी इथे रुग्णालयं आहेत, पण सुरुवात नेमलेल्या दवाखान्यातूनच. पगार मध्येच २१ हजारांच्या वर गेला तर लगेच बंद होत नाही, तो सहामाही हप्ता, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च, पूर्ण होईपर्यंत कपात आणि हक्क दोन्ही चालू राहतात.

विलेपार्ले_वाचक

करात एक सवलत आहे, ती इथे चपखल बसते. वय साठ किंवा जास्त आणि आरोग्य विमा नाही, अशा व्यक्तीच्या औषधोपचाराच्या खर्चावर जुन्या करपद्धतीत वर्षाला ५० हजारांपर्यंत वजावट मिळते, ८०डीची सवलत म्हणतात ती हीच. मुलांनी आईवडिलांसाठी केलेल्या खर्चालाही. अट एकच : पैसे रोख दिलेले नकोत. यूपीआय, कार्ड, चेक चालतं. बिलावर रुग्णाचं नाव टाकून घ्या.

दादर_टीटी

आणि इन्सुलिन? सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात.

परळ_नाका

इन्सुलिनवर सविस्तर लिहितो, कारण इथे सर्वांत जास्त वाचतं आणि चूकही इथेच जिवावर बेतते.

दोन प्रकार समजून घ्या. ह्यूमन इन्सुलिन जुनं, १० मिलीच्या बाटलीत येतं आणि किंमत नियंत्रित आहे. ३०/७० ची (३० टक्के लवकर आणि ७० टक्के हळू काम करणारं मिश्रण) बाटली दोनशेच्या आतबाहेर. ॲनालॉग नवं, बहुधा पेनमध्ये येतं आणि कित्येक पट महाग. बाटलीवर ४० आययू लिहिलेलं असतं, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, बाटलीत ४००. पेनच्या ३ मिलीच्या कार्ट्रिजमध्ये मिलीला १००, म्हणजे एकूण ३००.

समजा सकाळी १८ आणि रात्री १२. दिवसाला ३०, महिन्याला ९०० युनिट, म्हणजे सव्वादोन बाटल्या. पेनमध्ये प्रत्येक टोचणीआधी २ युनिट हवेत सोडून सुई तपासायची असते. रोजचे ४, महिन्याचे १२० युनिट असेच जातात, म्हणून तीन नाही, जवळजवळ साडेतीन कार्ट्रिज. पेनच्या किमतीत हे कोणी धरत नाही. उलट, रोज फक्त १० युनिट लागत असतील तर बाटली ४० दिवस पुरेल, पण उघडल्यावर चार आठवड्यांनी ती टाकून द्यायची असते, म्हणजे १२० युनिट वाया. तरीही बाटलीच स्वस्त पडते. एकदा हिशेब मांडून बघा.

आता सिरिंज. ४० च्या बाटलीला यू-४० सिरिंज, टोपी लाल. १०० च्या इन्सुलिनला यू-१००, टोपी केशरी. मेडिकलमध्ये घाईत 'इन्सुलिनची सुई द्या' म्हटलं की कुठलीही हातात पडते. ४० चं इन्सुलिन केशरी टोपीच्या सिरिंजमध्ये १८ पर्यंत भरलं तर अंगात जातात ७.२ युनिट. साखर वाढते आणि दोष बाटलीला. याच्या उलट, पेनच्या कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या सिरिंजने १८ पर्यंत ओढलं तर जातात ४५ युनिट. माणूस बेशुद्ध पडतो. पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमधून सिरिंजने ओढणं म्हणूनच नको. टोपीचा रंग बघा आणि सिरिंजवर छापलेलं यू-४० स्वतः वाचा.

पेनवरून बाटलीवर येणं हा डॉक्टरांसोबतच करायचा बदल आहे, मात्रा तीच राहील असं नाही. वेळही बदलते : ॲनालॉग मिक्स अगदी जेवायला बसताना घेतात, ह्यूमन ३०/७० जेवणाआधी अर्धा तास. इथे लोकलचा घोळ होतो. ऑफिसमधून निघताना टोचून घ्यायचं आणि घरी जेवायचं, असं ठरवलं आणि गाडी कुर्ल्याला अडकली की साखर खाली. टोचायचं ते ताट कधी वाढलं जाणार हे नक्की असलेल्या जागीच. खिशात ग्लुकोजची पुडी हवीच, पार्लेजीवर विसंबू नका, ते हळू चढतं.

३०/७० गढूळ असतं. बाटली दोन्ही तळहातांत आडवी धरून वीसेक वेळा फिरवायची, हलवायची नाही, फेस होतो आणि मात्रा चुकते. फिरवूनही गुठळ्या राहिल्या किंवा काचेला आतून दव गोठल्यासारखा थर दिसला तर ती बाटली गेली. ओढण्याआधी जितके युनिट हवेत तितकी हवा आत सोडायची, नाहीतर बाटलीत पोकळी होऊन शेवटी शेवटी ओढताना बुडबुडे येतात.

सिरिंज नियमाप्रमाणे एकदाच वापरायची. पैशांपोटी बरेच जण तीच तीनचार वेळा वापरतात. वापरायचीच असेल तर त्याच माणसासाठी, टोपी लावून, सुईला हात न लावता. सुई स्पिरिटने पुसू नका, वरचा गुळगुळीत थर जातो आणि टोचताना दुखतं. दुखायला लागली की फेका, ती जाड प्लास्टिकच्या बाटलीत झाकण लावून. ओल्या कचऱ्यात सुटी टाकलेली सुई सफाई कामगाराच्या हातात घुसते.

मुलुंडची_मावशी

शुगर तपासायच्या पट्ट्यांवरही लिहा कोणीतरी. यंत्र ऑफरमध्ये जवळपास फुकट मिळतं आणि मग पट्ट्याच खिसा कापतात.

जोगेश्वरी_पूर्व

बरोबर मावशी. म्हणून यंत्र घेताना पट्टीचा भाव विचारून घ्यायचा. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्या आणि साखर स्थिर असलेल्या माणसाला रोज तपासायची गरज सहसा नसते. डॉक्टरांकडे जाण्याआधीच्या आठवड्यात तीन दिवस, जेवणाआधी आणि दोन तासांनी अशा जोड्या काढल्या तर त्यांना जास्त कळतं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडवाल्यांनी मात्र यात काटकसर करू नये.

पट्ट्यांची डबी उघडल्यापासून मुदत धावते, किती ते डबीवर लिहिलेलं असतं. आठवड्याला दोनच लागत असतील तर शंभराचा मोठा बॉक्स स्वस्त वाटला तरी घेऊ नका, पंचवीसचा घ्या. पावसाळ्यात डबी उघडी राहिली की पट्ट्या दमट होतात आणि आकडे वेडेवाकडे येतात. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. आंबा कापलेल्या बोटाने घेतलेला आकडा सहज शंभरने चढलेला दिसतो. आणि मग घाबरून कोणीतरी जास्तीची गोळी घेतं!

वांद्रे_वकील

आता विमा घेऊन ठेवावा का, यावर दोन ओळी. २०२४च्या नियमांनंतर आधीपासून असलेल्या आजाराची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं आहे आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. शुगर लपवू नका, दावा तिथेच अडकतो. गोळ्यांसाठी म्हणून घेत असाल तर उपयोग नाही, हे माटुंगेकरांनी वर लिहिलंच आहे.

काळाचौकी

पटलं. आता उलट बाजूने विचारतो. महिन्याला ठरावीकच पैसे आहेत, सगळी चिठ्ठी परवडतच नाही. काय सोडायचं?

माटुंगेकर

एकाआड एक दिवस गोळी, हे उत्तर नाही. इन्सुलिन अर्धं करणं तर अजिबात नाही, टाइप १ मध्ये त्याने दोन दिवसांत आयसीयू गाठावं लागू शकतं आणि तिथलं एक बिल वर्षभराच्या इन्सुलिनहून मोठं असतं. डॉक्टरांसमोर चिठ्ठी ठेवून सरळ विचारा : 'माझ्याकडे महिन्याला एवढेच आहेत. यातलं काय कधीच चुकवायचं नाही?' शुगरची मूळ औषधं, बीपीची गोळी आणि कोलेस्टेरॉलची स्टॅटिन बहुतेक वेळा राहतात. मल्टिव्हिटॅमिन, अँटिऑक्सिडंट, 'डायबेटिक' प्रोटीन पावडर ही आधी गळतात. चिठ्ठीची निम्मी रक्कम कधीकधी यांतच असते. साखर नसलेली बिस्किटंही त्याच पिशवीतली, मैदा तोच. बी१२ मात्र विचारून मगच काढा. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते कमी होतं आणि पायाला मुंग्या येतात, ज्या लोक शुगरच्या समजतात.

चकाला_एमआयडीसी

परळ_नाका, फ्रीज नसलेल्या घरात इन्सुलिन कसं ठेवायचं? खोलीचा पत्रा मे महिन्यात तापतो.

परळ_नाका

माठ. पण मुंबईत माठ नागपूरसारखा थंड होत नाही, हवा दमट असते, पाणी सुकतच नाही. म्हणून पत्र्याखाली नको, खिडकीच्या वाऱ्यावर, सावलीत, जमिनीलगत ठेवा. बाटली झिपच्या पिशवीत, पिशवी स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, डबा माठातल्या पाण्यात. पाणी रोज बदला. वापरात असलेली एकच बाटली घरात ठेवा, बाकीच्या मेडिकलवाल्याकडे किंवा शेजारच्या फ्रीजमध्ये, दारातल्या कप्प्यात, बर्फाच्या खणाजवळ नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखं दिसलं तरी वापरू नका, त्याच्या कामाचा भरवसा नसतो. बर्फाचा थर्मास वापरणार असाल तर बाटली आणि बर्फ यांच्यामध्ये जाड टॉवेल हवा. उघडल्याची तारीख बाटलीला चिकटपट्टी लावून तिच्यावर लिहा.